व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत शिकायचे, तर सुरुवात कुठून करायची?

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असाल, यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेतला असेल किंवा समुपदेशक व्हायचं मनात असेल, व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणाशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही. ते प्रकरण बहुतेकांना रुक्ष वाटतं. फ्रॉइड, युंग, ॲडलर, कॅटेल, मास्लो अशी नावांची रांग, प्रत्येकाच्या चार संज्ञा, खाली गुण आणि दोष. पाठ होतं, परीक्षेत उतरतं आणि महिन्याभरात पुसलं जातं.

माझ्या मते याला कारण एकच. सिद्धांत हे कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं आणि पाठ्यपुस्तकात तो प्रश्नच गाळलेला असतो. फ्रॉइडसमोर व्हिएन्नातले रुग्ण होते, कॅटेलसमोर आकड्यांचे तक्ते, स्किनरसमोर उंदीर आणि कबुतरं, रॉजर्ससमोर मदत मागायला आलेली माणसं. समोर जे होतं त्यावरून प्रत्येकाने माणसाबद्दल बोलायचं धाडस केलं. कोणासमोर कोण बसलं होतं हे एकदा कळलं की त्याच्या संज्ञा, त्याची ताकद आणि त्याच्या मर्यादा आपोआप उलगडायला लागतात. पुढच्या पायऱ्या याच समजुतीवर रचल्या आहेत, म्हणून त्यांचा क्रम पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आहे.

पायरी १ : वहीत तीन प्रश्न लिहा

एक साधी वही घ्या. प्रत्येक सिद्धांतकाराला एक पान द्या आणि पानावर तीनच प्रश्न लिहा. याने कोणाला पाहून हे मांडलं? याचा पुरावा कसला आहे: गप्पा, प्रश्नावली, प्रयोग की स्वतःची आठवण? आणि याच्या मते माणूस बदलतो तो कशाने?

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. दोन सिद्धांत वर्णनात एकसारखे वाटले, तरी बदलाच्या प्रश्नावर त्यांची वाट हमखास फुटते. संज्ञा नंतर भरा. आधी या तीन ओळी भरता आल्या पाहिजेत.

पायरी २ : पहिला मुक्काम गुणविशेषांचा

पुस्तकं फ्रॉइडपासून सुरू होतात, कारण तो आधी झाला. नवख्या माणसाने मात्र गुणविशेषांपासून सुरुवात करावी, कारण हा विचार आपण रोज करतोच. ‘ती मनमिळाऊ आहे’, ‘तो तापट आहे’ असं म्हणताना आपण गुणविशेषांचीच भाषा बोलत असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेतला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्यातून टिकाऊ स्वभाव दाखवणारे शब्द राहिले ४,५०४. कल्पना अशी की माणसांमधला जो फरक रोजच्या जगण्यात खरोखर महत्त्वाचा असतो, त्यासाठी भाषेत शब्द तयार झालेलाच असतो. रेमंड कॅटेलने ही यादी हाताशी धरली, घटक विश्लेषण या गणिती पद्धतीने एकमेकांसोबत हलणारे गुण एकत्र बांधले आणि १६ घटकांपर्यंत आला. त्याची प्रसिद्ध प्रश्नावली १९४९ची. हान्स आयझेंकला तेवढेही घटक जास्त वाटले. त्याने बहिर्मुखता आणि भावनिक अस्थिरता हे दोन मुख्य अक्ष धरले, तिसरा पुढे जोडला, आणि या फरकांची मुळं मेंदूत व मज्जासंस्थेत शोधली.

आज सर्वाधिक वापरात आहे ते पाच घटकांचं प्रारूप. अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या टुपेस आणि क्रिस्टल यांना १९६१ साली वेगवेगळ्या गटांत तेच पाच घटक पुन्हा पुन्हा दिसले, पण त्यांचा अहवाल बराच काळ दुर्लक्षित राहिला. पुढे लुईस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांच्या कामामुळे ‘बिग फाइव्ह’ सर्वतोमुखी झालं. ते पाच असे: अनुभवांबाबत खुलेपणा, कर्तव्यनिष्ठा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. हे कप्पे नाहीत, मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतो आणि बहुतेक जण मधल्या पट्ट्यात असतात.

इथे दोन गैरसमज लवकर होतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून लोकांच्या गुणविशेषांतल्या फरकाचा साधारण ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक फरकांशी जोडलेला दिसतो. याचा अर्थ तुमचा निम्मा स्वभाव आईवडिलांकडून आला असा होत नाही. हा आकडा समूहातल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरं म्हणजे गुणविशेष दगडावरची रेघ नसतात. वय वाढतं तशी सरासरी कर्तव्यनिष्ठा आणि सौजन्य वाढतं, भावनिक अस्थिरता कमी होते.

करून बघण्यासारखं काम: गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने तयार झालेला, कोणालाही विनामूल्य वापरता येणारा विधानांचा मोठा संच उपलब्ध आहे. त्यावर आधारलेली पाच घटकांची एखादी प्रश्नावली स्वतः भरा. मग तीच प्रश्नावली तुम्हाला नीट ओळखणाऱ्या बहिणीला किंवा मित्राला तुमच्याबद्दल भरायला सांगा. बहिर्मुखतेवर तुमचं बहुधा जमेल, ती सगळ्यांना दिसते. भावनिक अस्थिरतेवर फरक पडला तर नवल नाही; रात्री डोक्यात काय चालतं ते फक्त आपल्यालाच माहीत असतं. प्रश्नावली काय पकडते आणि काय निसटू देते, हे यातून जितकं कळतं तितकं व्याख्या वाचून कळत नाही.

पायरी ३ : लगेच मिशेल वाचा

गुणविशेष पटायला लागले की वॉल्टर मिशेलकडे वळा. हे वळण बहुतेक जण शेवटी घेतात आणि तोवर डोक्यात शिक्के पक्के झालेले असतात.

मिशेलने १९६८ साली तोवरचे अभ्यास धुंडाळून दाखवलं की प्रश्नावलीतल्या गुणांवरून एखाद्या ठरावीक प्रसंगातलं वर्तन सांगायला गेलं, तर सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) सहसा ०.३० च्या पुढे सरकत नाही. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १९२८ साली, हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची पाहणी केली होती, तिचा सूर हाच होता: परीक्षेत नक्कल करणारं मूल खेळात किंवा घरी खोटं बोलेलच असं नाही. गुणविशेषवाद्यांनी उत्तर दिलं की एका प्रसंगावरून पारख करू नका, अनेक प्रसंगांची सरासरी घ्या, मग गुणविशेष स्पष्ट दिसतो. तेही खरं ठरलं.

हा वाद वांझोटा राहिला नाही, म्हणून मला तो इतका आवडतो. मिशेल आणि युइची शोदा यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं दिवसेंदिवस निरीक्षण केलं. दोन मुलं सरासरीने सारखीच आक्रमक. पण एक चिडायचं ते मोठ्यांनी दटावल्यावर, दुसरं चिडायचं ते बरोबरीच्या मुलांनी डिवचल्यावर. ‘असं झालं, तर तो असं करतो’ हा नमुना टिकून राहत होता आणि तीच त्या मुलाची ओळख होती. सरासरी काढली की ती ओळख नेमकी पुसली जायची.

आठवडाभर स्वतःच्या रागाची किंवा गप्प बसण्याची नोंद ठेवा. कोण समोर होतं, काय झालं, तुम्ही काय केलं, एवढंच लिहा. विशेषणं लिहू नका. आठवड्याच्या शेवटी ‘तर’ वाक्यं तयार होतात का ते बघा.

पायरी ४ : आता फ्रॉइड, पण सोबतीसह

फ्रॉइडबद्दल लोक दोन टोकांना असतात: सगळं भारी किंवा सगळं भंपक. दोन्ही टाळायचं असेल तर १९२० सालची एक भेट लक्षात ठेवा. बावीस वर्षांचा ऑलपोर्ट, तोच पुढे शब्दकोश वेचणारा, व्हिएन्नात फ्रॉइडला भेटायला गेला. फ्रॉइड काही बोलेना. शांतता असह्य होऊन ऑलपोर्टने येताना ट्राममध्ये पाहिलेला प्रसंग सांगितला: चारेक वर्षांचा मुलगा घाणीला इतका भ्यायचा की इथे बसू नको, तिथे बसू नको असं त्याचं सतत चाललेलं, शेजारी कडक इस्त्रीतली त्याची आई. गोष्ट संपली तेव्हा फ्रॉइडने शांतपणे विचारलं, तो लहान मुलगा तूच होतास का?

ऑलपोर्ट थक्क झाला. त्याला वाटलं, मी सरळ साधं बोललो आणि या माणसाने खोल खणायला सुरुवात केली. माणसाचा हेतू जाणून घ्यायचा तर आधी त्यालाच विचारावं, या त्याच्या मताला या भेटीतून धार आली. पण वही उघडा आणि पहिला प्रश्न पुन्हा वाचा. फ्रॉइडसमोर वर्षानुवर्षं अशी माणसं येत होती जी एक सांगत आणि दुसरंच सोसत असत. त्याच्या जागी बसून तो प्रश्न स्वाभाविक होता. ऑलपोर्टच्या जागी बसून त्याचं बिथरणंही तितकंच स्वाभाविक. एवढं पटलं की मनोविश्लेषणाची, म्हणजे फ्रॉइडच्या या खोल खणण्याच्या पद्धतीची, अर्धी लढाई समजली.

फ्रॉइडचं मुख्य म्हणणं असं की मनाचा मोठा भाग आपल्याला ठाऊक नसतो आणि आतल्या ओढाताणीतून स्वभाव घडतो. इदम् (आतल्या आंधळ्या इच्छा), अहम् (वास्तवाशी जुळवून घेणारा ‘मी’) आणि पराहम् (आतला नैतिक धाक) ही त्रयी त्याने १९२३ साली मांडली. तिचं चित्र पाठ करण्यापेक्षा संरक्षण यंत्रणा, म्हणजे त्रासदायक भावनांपासून स्वतःला वाचवायच्या मनाच्या नकळत युक्त्या, नीट शिका. त्याची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ साली त्या पद्धतशीर मांडल्या आणि आजही समुपदेशनात त्याच जास्त कामी येतात. साहेबांचा राग घरी येऊन मुलांवर काढणं हे विस्थापन. स्वतःच्या मनातला मत्सर दुसऱ्याच्या डोळ्यांत दिसणं हे प्रक्षेपण. मनोलैंगिक अवस्थांना, म्हणजे त्याने मांडलेल्या बालपणापासूनच्या लैंगिक विकासाच्या टप्प्यांना, आज आधार फार कमी मिळतो. त्या इतिहास म्हणून वाचा. अबोध प्रक्रिया असतात हे मात्र पुढच्या संशोधनाने मान्य केलं, जरी फ्रॉइडने रंगवलेल्या रूपात नाही.

त्याचे सोबती झपाट्याने बघा. ॲडलर १९११ साली वेगळा झाला. लहानपणी मुडदुसाने आजारी असलेल्या या डॉक्टरला लैंगिकतेपेक्षा कमीपणाची भावना आणि ती भरून काढायची धडपड मोठी वाटली. युंगने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी दिली. कॅरेन हॉर्नीने स्त्रियांबद्दलच्या फ्रॉइडच्या मतांना उघड आव्हान दिलं. एरिक्सनने १९५० साली विकास म्हातारपणापर्यंत नेला, आठ टप्प्यांत. शिक्षक होणाऱ्यांनी एरिक्सनला जास्त वेळ द्यावा.

आणि एक नाव जे आपल्याकडच्या वर्गात फारसं निघत नाही: गिरींद्रशेखर बोस. त्यांनी १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि त्यात ते भक्त म्हणून लिहीत नव्हते. माझ्या भारतीय रुग्णांमध्ये काही गोष्टी तुम्ही म्हणता तितक्या ठळक दिसत नाहीत, असं त्यांनी कळवलं होतं. १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठवली. ती त्याने टेबलावर ठेवली. समोरचा माणूस बदलला की सिद्धांत तपासून पाहावा लागतो, याचं याहून जवळचं उदाहरण आपल्याला मिळणार नाही. गुणविशेषांनाही हेच लागू आहे: बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या समाजात पाच घटकांची रचना नीटशी सापडली नाही, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

पायरी ५ : शिकण्यातून घडणारा माणूस

ही पायरी छोटी. स्किनरला व्यक्तिमत्त्व ही वेगळी वस्तू मानायचीच गरज वाटली नाही. त्याच्यासाठी होते ते वर्तन आणि त्याचे परिणाम. आल्बर्ट बांडुराने त्यात पाहून शिकण्याची भर घातली. १९६१च्या त्याच्या प्रयोगात स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं होती. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिलं, ती मुलं पुढे तसंच वागली, नेमके तेच ठोसे आणि तेच शब्द वापरून. बांडुराची दुसरी देणगी म्हणजे स्वकार्यक्षमता, ‘हे मला जमेल’ हा ठरावीक कामापुरता विश्वास. पोहण्याबद्दल तो भरपूर आणि भाषणाबद्दल शून्य असू शकतो. आत्मविश्वास वाढवा असा मोघम सल्ला देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पायरी ६ : मानवतावादी, आणि केलीचा खेळ

माणसात वाढण्याची ओढ मुळातच असते असं मानणारे ते मानवतावादी. त्यांतल्या मास्लोची गरजांची श्रेणी (१९४३), भुकेपासून आत्मविकासापर्यंतची गरजांची उतरंड, तुम्हाला येतच असेल. तिच्यापेक्षा कार्ल रॉजर्सवर वेळ घालवा. समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून ती अभ्यासासाठी खुली करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो होता. आपण कसे आहोत आणि कसे असायला हवे यांतली दरी हा त्याचा विषय. विनाअट स्वीकार मिळाला की ती दरी कमी होते आणि माणूस स्वतःच वाढू लागतो, हे त्याचं बदलाबद्दलचं उत्तर.

जॉर्ज केली मात्र सावकाश शिका. १९३०च्या दशकातल्या मंदीत तो कॅन्सस राज्यातल्या गावोगावी फिरून मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी सल्ला केंद्रं चालवत होता. आधी तो फ्रॉइडच्या पद्धतीने लोकांच्या अडचणींचा अर्थ लावी. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की अर्थ कुठलाही असो, तो माणसाच्या अनुभवाला लागू पडला आणि त्याने जगण्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावलं, तर माणूस सुटतो. यातून १९५५ साली त्याचा सिद्धांत आला: प्रत्येक माणूस आपापल्या जोड-कल्पनांमधून जग पाहतो आणि त्याच व्यक्तिमत्त्व घडवतात. प्रत्येक कल्पनेला दोन टोकं असतात आणि दुसरं टोक तो माणूसच ठरवतो, शब्दकोश नाही.

हे वहीत करून बघा. आठ माणसं लिहा: आई, वडील, जवळची मैत्रीण, आवडलेले शिक्षक, न आवडलेले शिक्षक, जिची भीती वाटते अशी व्यक्ती, जिच्यासारखं व्हावंसं वाटतं अशी व्यक्ती आणि तुम्ही स्वतः. आता यातली कुठलीही तीन नावं घ्या आणि विचारा: यातले कोणते दोघे एका बाबतीत सारखे आहेत आणि तिसरा कसा वेगळा आहे? उत्तर दोन टोकांत लिहा. नावं बदलत आठ-दहा वेळा करा.

समजा कोणी लिहिलं, ‘आई आणि गणिताच्या बाई स्पष्ट बोलतात, वडील मात्र...’ आपण मनात ‘गुळमुळीत बोलतात’ असं भरू. पण त्या मुलीने लिहिलं, ‘वडील समजून घेतात.’ तिच्या जगात स्पष्ट बोलण्याच्या विरुद्ध टोकाला समजून घेणं आहे. आता तिला कोणी कितीही सांगितलं की जरा स्पष्ट बोलायला शीक, ती का हलत नाही हे लक्षात येतं. तिला ऐकू येतं, समजून घेणं सोड. पाच घटकांच्या प्रश्नावलीत हे कधीच दिसलं नसतं. यादी झाल्यावर बघा, कोणत्या जोड्या वारंवार येतात आणि तुम्ही स्वतःला कुठल्या टोकाला ठेवता.

पायरी ७ : एकच माणूस, अनेक बाजूंनी

आता सगळं एका ठिकाणी आणा. होस्टेलच्या खोलीत तासन्‌तास रंगून बोलणारा आणि वर्गातल्या सेमिनारमध्ये तोंड न उघडणारा मुलगा घ्या. गुणविशेषवाला विचारेल, बहिर्मुखता किती आणि अस्थिरता किती. मिशेल विचारेल, मार्क देणारं कोणी समोर असेल तेव्हाच गप्प होतो का. फ्रॉइडच्या वाटेचा माणूस या गप्पपणाने त्याला कशापासून वाचवलं ते शोधेल. बांडुरा विचारेल, असं बोलून यशस्वी झालेलं कोणी त्याने जवळून पाहिलंय का. केली विचारेल, त्याच्या मते जे वर्गात बोलतात ते कसे असतात. ‘शायनिंग मारणारे’ असं उत्तर आलं, तर बऱ्याच गोष्टी उलगडतील.

कोण बरोबर, हा प्रश्न इथे विचारू नका. या मुलाला पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे. कुठल्या प्रश्नाच्या उत्तरातून आज काही करता येईल, ते निवडा. परीक्षेत उदाहरणासह उत्तर लिहितानाही हीच पद्धत उपयोगी पडते.

पायरी ८ : चाचण्या आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषा

शिकायला लागलं की सगळ्यांची चाचणी घ्यावीशी वाटते. त्याआधी बर्ट्रम फोररचा १९४८चा प्रयोग वाचा. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास त्याचं’ वर्णन दिलं. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. वर्णन सगळ्यांना एकच दिलेलं होतं आणि त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. ‘अगदी माझंच वर्णन’ ही भावना म्हणूनच पुरावा ठरत नाही.

युंगच्या कल्पनांवर इसाबेल ब्रिग्ज मायर्स आणि तिची आई कॅथरिन ब्रिग्ज यांनी उभी केलेली १६ प्रकारांची चाचणी कंपन्यांमध्ये आणि समाजमाध्यमांवर फार चालते. अडचण तिच्या कप्प्यांत आहे. बहुतेक लोक मोजपट्टीच्या मध्याजवळ असतात, त्यामुळे दोन-तीन उत्तरं बदलली की अख्खा प्रकार बदलतो. गप्पांना विषय म्हणून ती चालेल, नोकरी किंवा लग्न ठरवायला नको. शाईच्या डागांची रोर्शाक कसोटी (१९२१) किंवा चित्रांवरून गोष्ट सांगायची कसोटी (१९३५) यांचा अर्थ लावायला तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञच लागतो. घरच्यांवर प्रयोग करू नका आणि कोणाच्या दुखण्याला स्वतः नाव देऊ नका.

एखादी चाचणी किती पाण्यात आहे हे बघायचा घरचा उपाय आहे. ती तुम्ही भरा, तीन मित्रांना भरायला सांगा, चारही अहवालांवरची नावं झाका आणि सरमिसळ करून तुम्हा चौघांना ओळखणाऱ्या पाचव्याच्या हातात द्या. कुठला अहवाल कोणाचा, हे त्याला सांगू द्या.